भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाताना पैशाची जुळवाजुळव

जमाखर्च
बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ या भागात भाड्याने राहणारी माणसं घर घ्यायचं ठरवतात तेव्हा कागदावर दोनच आकडे मांडतात: घराची किंमत आणि महिन्याचा हप्ता. माझं मत असं की संसाराची ओढाताण या दोन आकड्यांमुळे होत नाही. ती होते खरेदीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत, कारण तेव्हा सगळी देणी एकाच वेळी दारात उभी राहतात.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. महापालिका हद्दीतलं जुनं स्वतंत्र घर, किंमत ३८ लाख. नवराबायको दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६५ हजार. सध्याचं भाडं ९ हजार. बँकेत ठेव ५ लाख, पतसंस्थेत ४ लाख, घरात थोडंफार सोनं.

नोंदणीचा हिशोब: मुद्रांक शुल्क ५ टक्के म्हणजे १,९०,०००. त्या शुल्कावर १० टक्के सेस १९,००० आणि शहरी भागाचा २ टक्के सरचार्ज ३,८००. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्याची २ टक्के झाली, ती ७६,०००. एकूण २,८८,८००. कर्ज ३० लाख धरलं तर घरच्यांनी घालायचे ८ लाख आणि वर हे, म्हणजे जवळपास १०.८९ लाख. हाताशी आहेत ९. तूट १.८९ लाख, आणि यात टेंपो, रंग, वास्तुशांत काहीच धरलेलं नाही.

प्रश्न दोन. ही तूट कुठून भरावी? आणि कुठला खर्च कधी करावा?

कुंदा_पावशेर
वास्तुशांतीला दोनशे पानं उठवायची आणि मग हप्त्यासाठी भिशी उचलायची, ही आपल्याकडची पद्धत. त्यावर उपाय सांगणारा अजून जन्माला यायचाय बघा.

उपनिबंधक_शेजारी
जमाखर्च, आकडे बरोबर आहेत, पण दोन गोष्टी धरायच्या राहिल्या.

शुल्क ठरलेल्या किमतीवर बसतं असं नाही. सरकारी मार्गदर्शी दर आणि दस्तातली किंमत यात जी जास्त, तिच्यावर बसतं. म्हणून सौदा पक्का करण्याआधी त्या गल्लीचा दर नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर बघून घ्या. टिळकवाडी-हिंदवाडीत रस्ता बदलला की दर बदलतो.

दुसरं, बिल्डरकडून पहिल्यांदाच विकला जाणारा फ्लॅट ४५ लाखांपर्यंतचा असेल तर मुद्रांक ३ टक्के. ३८ लाखांवर ते १,१४,००० आणि सेस-सरचार्ज १३,६८०, म्हणजे १,२७,६८०. जुन्या घराच्या तुलनेत ८५ हजारांचा फरक. स्वतंत्र घराला किंवा दुसऱ्या हातच्या फ्लॅटला ही सवलत नाही.

ग्रामपंचायत हद्दीत सरचार्ज २ ऐवजी ३ टक्के. म्हणजे गणेशपूर, हिंडलगा, कंग्राळीकडे घेणाऱ्याला ५.६ च्या जागी ५.६५ टक्के पडतं. ३८ लाखांवर १,९०० रुपयेच जास्त, त्यावरून गाव बदलू नका.

माडीवरची
नव्या फ्लॅटचे ८५ हजार वाचले म्हणून लगेच खूश होऊ नका. पूर्णत्वाचा दाखला मिळायच्या आत घेतला तर जीएसटी आहे. ४५ लाखांपर्यंत किंमत आणि बेळगावसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र), या दोन्ही अटी बसल्या तर १ टक्का, ३८ हजार. कार्पेट थोडं जरी पुढं गेलं तरी ५ टक्के, म्हणजे १ लाख ९०. ९० मीटर म्हणजे साधारण ९६९ फूट. बिल्डर जाहिरातीत सांगतो तो सुपर बिल्टअप, तो इथं चालत नाही. दाखला मिळाल्यानंतर घेतलं तर जीएसटी शून्य.

निपाणीकर
दलाली कुठं धरली? १ टक्का म्हटलं तरी ३८ हजार. आणि ती नोंदणीच्या दिवशीच मागतात, हात जोडून.

तिसरं_गेट
तुटीवर नंतर बोलू, आधी पतसंस्थेतले ४ लाख. ते "हाताशी आहेत" असं धरूच नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मुदतीआधी मोठी रक्कम मागितली की "पुढच्या आठवड्यात या" सुरू होतं, आणि विक्रेत्याला दिलेली तारीख निघून जाते. इसार देण्याच्या दोन महिने आधी ते पैसे मोडून बँकेच्या बचत खात्यात आणा. व्याजात चार पैसे जातील, जाऊ देत.

खात्यात आणायचं आणखी एक कारण आहे. कर्ज देणारी बँक स्वतःचा वाटा कुठून आला ते खात्याच्या उताऱ्यावर बघते. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. "इसार रोख द्या, घरचीच माणसं की आपण" म्हणणाऱ्याला नम्रपणे चेक पुढं करायचा.

कुंदा_पावशेर
घरचीच माणसं म्हणणाऱ्याचा तर आधी उतारा बघावा.

खानापूर_रोड
उताऱ्याचा विषय निघालाच आहे तर. महापालिका हद्दीत ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) हवा, आणि तो ए म्हणजे नियमित की बी म्हणजे मंजुरी नसलेल्या जागेचा, ते बघा. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे फॉर्म ९ आणि ११ए. समोरचा ११बी दाखवत असेल तर जागा मंजूर लेआउटमधली नाही असं समजा. बँका तिथं सहसा मागं सरतात, आणि मग घर कितीही स्वस्त असलं तरी सगळी रक्कम स्वतःची घालावी लागते.

ईसी (जागेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) कावेरीवर ऑनलाइन निघते, ३० वर्षांची काढा. नोंदी असतील तर फॉर्म १५ मिळतो, काहीच नसेल तर १६. जुन्या घराच्या ईसीत विक्रेत्याच्या जुन्या कर्जाचा बोजा दिसतो आणि तो उतरवल्याची नोंद दिसत नाही, हे फार ठिकाणी असतंय. पैसे फेडलेले असतात, कागद केलेला नसतो. ते होईपर्यंत तुमचं कर्ज अडतं आणि दोन घरांचा खर्च वाढत राहतो.

हे सगळं कन्नडमध्ये असतं. ज्याला वाचता येतं अशा, विक्रेत्याच्या किंवा दलालाच्या ओळखीतल्या नसलेल्या माणसाकडून चारी बाजूंची चकबंदी वाचून घ्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, रस्ता किती फुटांचा, हे जागेवर उभं राहून ताडून बघायचं.

माडीवरची
वकिलाची फी ही बचत करायची जागा नाही, एवढंच जोडते.

हप्ता_तारीख_पाच
३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षे: हप्ता २६,०३५. पण पहिल्या महिन्यातला गोंधळ हप्त्याचा नसतो, मधल्या दिवसांच्या व्याजाचा असतो. ३० लाखांवर दिवसाचं व्याज जवळपास ७०० रुपये. बँकेनं डीडी काढला, त्याच दिवशी कावेरीचा सर्व्हर बसला, नोंदणी बारा दिवस लांबली, की ८ हजार गेले. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलंय की चेक कर्जदाराच्या हातात पडण्याआधीच्या दिवसांचं व्याज लावायचं नाही. तारीख तपासा आणि जास्त लावलं असेल तर लेखी मागा. बरोबरच नोंदणीची वेळ मिळाल्यावरच डीडी काढायला सांगा.

बँकेचे इतर खर्च: प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, कायदेशीर अहवाल आणि मूळ दस्त बँकेकडे ठेवल्याच्या कराराचा मुद्रांक. हे सगळं मंजुरीच्या पत्रावरच लिहून घ्या.

आणि तो विमा! कर्जाबरोबर एकरकमी विमा कर्जातच मिसळून देतात. १ लाखाचा प्रीमियम असा मिसळला तर हप्ता ८६८ ने वाढतो आणि २० वर्षांत २ लाख ८ हजार भरले जातात. बँकेचाच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. साधी टर्म पॉलिसी बाहेरून घेऊन बघा, फरक दिसेल.

निपाणीकर
विमा घेतला नाही तर व्याजदर थोडा जास्त, असं सांगतात ते?

हप्ता_तारीख_पाच
सांगतात. दोन्ही पर्याय मंजुरीपत्रावर लिहून मागा. लिहून मागितलं की बऱ्याचदा दर तोच राहतो.

राकसकोप_पाणी
जुन्या घरात गेल्या मालकाची बिलं तुमच्या गळ्यात येतात, त्याकडं कुणाचंच लक्ष नाही.

वीज: हेस्कॉमच्या शेवटच्या बिलावरचा आरआर नंबर (वीज जोडणीचा क्रमांक), मंजूर भार आणि थकबाकी बघा. नोंदणीच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, त्यात आकडा आणि मीटरचा नंबर दोन्ही आले पाहिजेत. तो आकडा ताबापावतीत लिहा. नाव बदलताना जुन्या मालकाची सुरक्षा ठेव तुमच्या नावे करण्याची संमती त्याच्याकडून त्याच बैठकीत सही करून घ्या. नंतर तो पुण्याला मुलाकडं गेला की फोन उचलत नाही.

मंजूर भार हा मुद्दा लहान वाटतो. स्थिर आकार किलोवॅटवर बसतो. जुन्या मालकानं ५ किलोवॅट घेतलेले आणि तुमचं काम ३ मध्ये होतंय तर कमी करून घ्या, दर महिन्याला वाचतंय.

पाणी: महापालिकेचं बिल वेगळं मागा. हिडकल आणि राकसकोपवर भागणारं शहर आहे हे, काही वॉर्डात चोवीस तास येतं, काही भागात दिवसाआड किंवा त्याहून उशिरा. एप्रिल-मेमध्ये टँकर घ्यावा लागतो का हे शेजारच्या तिघांना विचारा. घरमालक सांगेल ते ऐकून घ्यायचं, धरायचं नाही.

घरफाळा: एप्रिलमध्ये भरला तर ५ टक्के सूट, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड. खरेदी मार्चमध्ये होत असेल तर चालू वर्षाची पावती विक्रेत्याकडून घ्या आणि पुढची सूट तुम्ही घ्या.

भाडेकरू_आजही
गृहज्योती, म्हणजे कर्नाटकची मोफत विजेची योजना, विसरलात सगळे. भाड्याच्या घराच्या आरआर नंबरला आधार जोडलेला असेल तर तो आधी सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर डी-लिंक करा, मग नव्या घराला जोडा. नाहीतर नवीन अर्ज पुढं सरकत नाही.

फुकटचे पात्र युनिट २०२२-२३ च्या सरासरी वापरावरून ठरतात. नवीन मीटरला ती सरासरी नसते, तिथं ५३ अधिक १० टक्के, म्हणजे ५८ युनिट धरले जातात. भाड्याच्या घरात १२० युनिट फुकट मिळत होते म्हणून नव्या घराच्या महिन्याच्या अंदाजात वीज शून्य लिहू नका. पात्र युनिटच्या वर पण २०० च्या आत गेलं तर फक्त वरच्याचं बिल. २०० ओलांडलं की सगळं. नव्या घरात गीझर आणि एसी एकाच उन्हाळ्यात आले तर ओलांडतंच.

माडीवरची
त्यात भर: बिल्डरच्या नवीन इमारतीला ओसी (भोगवटा दाखला) नसेल तर कायमची जोडणीच अडते. डिसेंबर २०२४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे कडक झालंय. "बांधकामाच्या मीटरवरच राहा थोडे दिवस" म्हणणाऱ्या बिल्डरला विचारा, ते बिल कुठल्या दराने येतंय आणि कोण भरतंय.

कोगनोळी_नाका
कोल्हापूर-इचलकरंजीहून इकडं बदलून येणाऱ्यांसाठी थोडं.

घरातलं वापरलेलं सामान नेताना ई-वे बिल लागत नाही. नवीन बंद खोक्यातला फ्रिज-टीव्ही असेल तर त्याचं बिल हाताशी ठेवा, म्हणजे नाक्यावर कुणी वाद घालायला नको.

गाडी: दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, मग इकडं बेळगावात केए २२ किंवा चिकोडीकडं केए २३ ला वयानुसार आजीवन कर. तिकडं भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण तो इकडं आधी भरल्यानंतर. म्हणजे मधल्या काळात दोन्ही राज्यांत तुमचे पैसे अडकलेले. चारचाकी असेल तर ही रक्कम घर बदलण्याच्या महिन्यात धरू नका, पुढं ढकला. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही लागतं.

गॅस: टाकी आणि रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. ठेव परत मिळते ती तुमच्या जुन्या व्हाउचरवर लिहिलेली, आजच्या दराची नाही. आज १४.२ किलोच्या एका टाकीची ठेव २,२०० आहे. वीस वर्षांपूर्वीच्या कागदावर कितीतरी कमी असते. तो कागद हरवला असेल तर तोही सोपस्कार वेगळा.

शाळा: कर्नाटकात शाळा मे अखेरीस उघडतात, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला. फी पंधरा दिवस आधी भरावी लागणार, हे पगाराच्या तारखेशी जुळवा.

कुंदा_पावशेर
रेशनकार्डाचं राहिलं. तिकडची लाडकी बहीण बंद, इकडची बायकांसाठीची गृहलक्ष्मी योजना रेशनकार्ड होईपर्यंत सुरू नाही. मधल्या मधे बहीण पण गेली, लक्ष्मी पण गेली.

कोगनोळी_नाका
हसू नका, खरंच आहे ते. तिकडच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला घेतल्याशिवाय इकडं नवीन कार्डावर नाव चढत नाही, आणि गृहलक्ष्मीचे २,००० कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्याच नावाने येतात. ते हातात पडेपर्यंत महिन्याच्या जमेत लिहू नका. शक्ती योजनेचा बायकांचा मोफत बसप्रवाससुद्धा कर्नाटकचा पत्ता असलेल्या कार्डावर आणि राज्याच्या हद्दीतच. कोल्हापूरला माहेरी जायचं तर तिकीट आहेच.

तिसरं_गेट
टेंपोचं बोला की कुणीतरी. छोट्या हत्तीत साधारण पाऊण टन बसतं, दोन खोल्यांच्या वर संसार असेल तर दोन खेपा किंवा सरळ मोठा टेंपो, ४०७. भाव ठरवताना चार गोष्टी त्याच वेळी बोलायच्या: हमाली मजल्याप्रमाणे की एकूण, कपाट आणि पलंग खोलणं-जोडणं कुणाकडं, थांबण्याचे पैसे, आणि तुटफूट. गल्ली अरुंद असेल तर गाडी कुठपर्यंत जाते ते आधी दाखवा. शहापुरातल्या बऱ्याच बोळांत ४०७ शिरतच नाही, मग तोंडापासून दारापर्यंतची हमाली वेगळी सांगतात आणि सामान रस्त्यावर असताना कुणी घासाघीस करत नाही.

माडीवरची
मुहूर्ताच्या दिवशी सगळे महाग. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. कलश आणि दूध त्याच्या आधी मुहूर्ताला उतू घालून घ्या आणि सामान अधिकात हलवा. टेंपोवाले रिकामे असतात, भटजीही काही म्हणत नाहीत.

निपाणीकर
भटजी म्हणत नाहीत, सासूबाई म्हणतात.

हप्ता_तारीख_पाच
फिरून मूळ प्रश्नावर येऊ. १.८९ लाखांची तूट, आणि वरची यादी वाचून ती ३ च्या आसपास गेलेली. दलाली, वकील, बँकेचे खर्च, टेंपो, एक महिना भाडं आणि हप्ता दोन्ही, थोडा रंग.

बँक कर्ज वाढवून देईल असं वाटत असेल तर: ३० लाखांच्या वरच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ३०.४ लाख. फक्त ४० हजार. आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. वैयक्तिक कर्ज घेतलं तर त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा होतो आणि गृहकर्जच घटतं. राहिलं सोनं. एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. वर्षाअखेरीस एकदम फेडायचं असेल तर शेवटची व्याजासहित रक्कम धरून मर्यादा मोजतात, तेवढं लक्षात ठेवा. माझं मत सोन्याच्या बाजूनं.

जमाखर्च
मला ते पटत नाही. ६५ हजारांतून २६ गेल्यावर ३९ उरतात. त्यात घर चालवून अडीच लाखांना ठेवलेलं सोनं वर्षात सोडवायचं म्हणजे महिन्याला आणखी २०-२२ हजार बाजूला. शाळेची फी आली की सुटत नाही, आणि मग नुसतं व्याज भरून नूतनीकरण.

माझा हिशोब असा. हप्ता २६,०३५, भाडं ९,०००. फरक १७,०३५. हा फरक आजपासूनच दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाकायचा. बारा महिन्यांत २ लाख ४ हजार, व्याज वेगळं. मूळची १.८९ लाखांची तूट भरते, आणि २६ हजार बाहेर गेल्यावर घर चालतं की नाही हे कर्ज घेण्याआधीच कळतं. तिसऱ्याच महिन्यात रिकरिंग मोडावी लागली तर ३८ लाखांचं घर झेपणारं नाही, ३२ चं बघा.

उपनिबंधक_शेजारी
आणि वर्षभरात त्याच घराची किंमत ४१ झाली तर? मार्गदर्शी दर वाढला तर?

जमाखर्च
तर दुसरं घर बघायचं. अनगोळमध्ये एकच घर आहे का?

खानापूर_रोड
दोघांचंही खरं आहे, पण सोनं ठेवून घेणाऱ्यानं एक करावं. रंग, मॉड्युलर किचन, पडदे हे सगळं सहा महिने थांबवा. पहिल्या महिन्यात फक्त तीन कामं: कुलपं बदलणं, पाण्याची टाकी धुणं, वायरिंग आणि अर्थिंग तपासणं. जुन्या घरात अर्थिंग नसतंच असं धरून चला. गीझर लावायच्या आधी ते करा, किचन नंतर.

भाडेकरू_आजही
आणि जुन्या घरमालकाकडचं डिपॉझिट जमेत कुठंच दिसत नाही. ते परत मिळतं तो महिना आणि टेंपोचा महिना एकच असतो. नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअपवर पण पाठवा, वीज-पाण्याचं शेवटचं बिल भरल्याचा फोटो जोडा. किल्ली आणि चेक एकाच वेळी, टेबलावर समोरासमोर.

राकसकोप_पाणी
रंगाचे पैसे कापून घेतात की हो सरसकट. करारात लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

भाडेकरू_आजही
लिहिलेलं असेल तर कापणारच. म्हणून शिल्लक धरताना डिपॉझिटमधून एका महिन्याचं भाडं वजा करूनच लिहा.

जमाखर्च
बरोबर. वरच्या उदाहरणात डिपॉझिट ५० हजार धरलं तर जमेला ४१ घालतो. तूट ३ लाखांची २.५९ झाली. रिकरिंगला बारा ऐवजी पंधरा महिने, त्यातही व्याजाचा थोडा हात लागेल.

निपाणीकर
पंधरा महिन्यांत एक आषाढ आणि दोन पितृपक्ष. टेंपो स्वस्त मिळेल.